मागचं चाक परत बसवताना: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

मोटरसायकल साधी आहे. स्पोकचं चाक, मागे ड्रम ब्रेक, चेन आणि मेन स्टँड. तक्रार अशी की हळू वेगात मागून गरगर आवाज येतो आणि वळणावर मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटतो. टायर आणि हवा ठीक आहेत.

आज खोललं काहीच नाही, फक्त तपासलं. गाडी मेन स्टँडवर घेतली, एक हात टायरच्या पुढच्या कडेला आणि एक मागच्या कडेला धरून चाक आडवं हलवलं. टक टक असं जाणवलं. इथे घाई करू नये, कारण हीच टकटक स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, सांध्यातल्या बुशमधूनही येते. ओळखायचं कसं, तर चाक हलवताना टायर आणि चिमटा यांच्यातल्या फटीकडे बघायचं. फट कमी-जास्त होत असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. चिमटा चाकाबरोबर हलत असेल तर चिमट्याच्या बुशमध्ये. माझी फट हलत होती, चिमटा जागेवर होता. म्हणजे बेअरिंग.

खोलण्याआधी तीन गोष्टी करून ठेवल्या. दोन्ही बाजूंनी एक्सलचे, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचे, फोटो काढले, वॉशर नीट दिसतील असे. चिमट्याचा पुढचा बोल्ट ते एक्सल हे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहिलं. आणि चेनची ढील मोजली. ती जागोजागी वेगळी भरते, म्हणून चाक थोडं थोडं फिरवत सगळ्यात ताठ जागी मोजायची.

५ जानेवारी

मेन स्टँडखाली जाड फळी सरकवली. चाक बाहेर काढताना टायर मडगार्डला अडतो, तेवढी उंची मिळाली की गाडी तिरकी करत बसावं लागत नाही. हे आधी करायचं, चाक निम्मं निघाल्यावर नाही.

आधी ब्रेकच्या रॉडचा नट काढला. रॉड सुटला की त्यावरची स्प्रिंग आणि ब्रेकच्या आर्ममधली गोल पिन लगेच रॉडवरच परत घालून नट दोन आटे फिरवून ठेवला. ती पिन एकदा घरंगळली की सापडत नाही. मग टॉर्क आर्म. ब्रेक प्लेट (ड्रमचं झाकण, यावरच ब्रेक शू बसतात) चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला चिमट्याशी बांधणारी ही पट्टी. तिच्या नटातली स्प्लिट पिन गंजून तुटली, ती नवीन लागणार. चेनच्या अॅडजस्टरना, म्हणजे ढील कमी-जास्त करणाऱ्या बोल्टना, हात लावला नाही.

एक्सलचा नट सुटला, एक्सल काही सुटेना. बेअरिंगच्या आतल्या कड्यात गंजून बसला होता. असा एक्सल टोकावर हातोडा मारून काढायला गेलं की टोकाचे आटे मशरूमसारखे पसरतात आणि नंतर नट चढत नाही. म्हणून नट परत टोकाच्या बरोबरीने चढवला, गंज सोडवणारा स्प्रे दोन्हीकडून मारला आणि दुसऱ्या टोकाला पाना लावून एक्सल मागेपुढे फिरवत राहिलो. आधी नुसती करकर, मग तपकिरी पाणी बाहेर, मग एकदाचा फिरला. फिरायला लागलेला एक्सल लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोके देऊन निघाला. या एका गोष्टीत अख्खी दुपार गेली. एक्सलला गेल्या वेळी बोटभर ग्रीस लागलं असतं तर हे काम पाच मिनिटांचं होतं.

माझ्या गाडीत स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि चेन चिमट्यावरच राहतात. त्यांना वेगळी स्लीव्ह (पोकळ दांडा) आणि वेगळा मोठा नट असतो, चाक तेवढं हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, धक्के झेलणाऱ्या रबरांमधून सुटून उजवीकडे सरकतं. ज्यांच्या गाडीत स्प्रॉकेट चाकाबरोबर येतं त्यांना चाक पुढे ढकलून चेन उतरवावी लागते.

११ जानेवारी

बेअरिंग काढलं. चाकात दोन बेअरिंग असतात आणि दोघांच्या मध्ये एक नळी. ही नळी या सगळ्या कामाचा जीव आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. ती एका बाजूला सरकवली की समोरच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याची बारीक कड दिसते. त्या कडेवर लांब पंच टेकवून एक ठोका इथे, एक समोर, असं फिरवत जायचं. एकाच जागी मारत राहिलं तर बेअरिंग तिरकं होऊन अडकतं.

पहिलं बेअरिंग निघालं, पण पंच दोनदा निसटून बेअरिंगच्या जागेवर आपटला. हबच्या आतल्या भिंतीवर ओरखडा दिसला. कापडाने पुसला आणि पुढे गेलो. (हा ओरखडा लक्षात ठेवा.)

निघालेल्या बेअरिंगच्या गोळ्या खरवडलेल्या, ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. बाहेरून पाणी जाऊ नये म्हणून असलेलं ऑइल सील कडक होऊन तडकलं होतं. मूळ दुखणं तेच. नुसतं बेअरिंग बदलून जुनं सील परत लावण्यात अर्थ नाही.

नंबर वाचताना जपून. गंजलेल्या कड्यावर ६२०२ आणि ६३०२ यांत फरक करणं अवघड जातं. दोन्हींच्या आतलं भोक १५ मिमी, त्यामुळे एक्सल दोन्हींत जातो आणि माणूस फसतो. बाहेरचा व्यास मात्र ६२०२ चा ३५ मिमी आणि ६३०२ चा ४२ मिमी, जाडी ११ आणि १३. रॉकेलने धुवून व्हर्नियर (बारीक मापं घेणारी पट्टी) लावला, ६२०२ निघालं. शेवटचे दोन आकडे भोक सांगतात: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे आकड्याला ५ ने गुणायचं. नवीन घेताना दोन्ही बाजूंना रबराचं झाकण असलेलं घेतलं. पत्र्याच्या झाकणाचं थोडं स्वस्त मिळतं, पण ते धूळ अडवतं, पाणी नाही.

तिसरं बेअरिंग स्प्रॉकेटच्या कड्यात असतं, ते बरेच जण विसरतात. माझं बोटाने फिरवल्यावर गुळगुळीत लागलं, तसंच ठेवलं. खरखर असती तर याच वेळी बदललं असतं.

१२ जानेवारी

आज ब्रेक आणि रबर. ड्रममधली काळी धूळ फुंकून उडवू नये, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थरात, अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून दिलं.

ड्रमच्या आत किंवा हबवर कमाल व्यास लिहिलेला असतो. माझा ड्रम मुळात १३० मिमीचा, मर्यादा १३१. मोजला तर १३०.३ भरला, चालेल. ब्रेक शू मात्र एका कडेला ग्रीसने काळे पडले होते. पेट्रोलने धुवून वापरता येतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ग्रीस लायनरच्या आत मुरलेलं असतं, ड्रम तापला की परत वर येतं. नवीन घेतले. बसवताना दोन्ही शू स्प्रिंगा लावून पुस्तकासारखे अर्धवट मिटवायचे, प्लेटवर टेकवायचे आणि दाबून उघडायचे. स्प्रिंग वेगळी ताणत बसलात तर बोटं सोलून निघतील. शू उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याला ग्रीस अगदी पातळ थरात.

हबची रबरं दाबून पाहिली तर दगड. हातात स्प्रॉकेट धरून मागेपुढे केलं की मोकळी जागा जाणवत होती, गियर टाकताना येणारा ठक आवाज तिथलाच. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या रबरांच्या फटीत कोंबायची एक रीत आहे. तात्पुरती बरी, पण पट्ट्या सारख्या जाडीच्या नसतील तर एकच रबर सगळा मार खातं. नवीन रबरं घातली. घट्ट जातात, तेव्हा साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस लावलं की रबर फुगतं.

१८ जानेवारी

बेअरिंग बसवणं. ठोकताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर आला पाहिजे. आतल्या कड्यावर मारलं तर प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि नवीन बेअरिंग बसायच्या आधीच खड्डे पडलेलं होतं. तसे ठोके देऊन काढलेलं जुनं बेअरिंग परत वापरायचं नाही, तेही याच कारणाने.

नवीन बेअरिंग रात्रभर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवली होती. हब हीट गनने तापवला, पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरेल इतपत. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे जागा क्षणभर सैल होते. ब्रेकच्या बाजूचं बेअरिंग आधी टाकलं, बाहेरच्या कड्याएवढ्या सॉकेटने ठोकलं. मग मधली नळी, मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग. दोन्ही सरळ गेल्यासारखी दिसली.

चाक चिमट्यात घेतलं. एकट्याने बसवायचं तर जमिनीवर बसून दोन्ही पायांच्या पंजांवर टायर उचलायचा, हात मोकळे राहतात. रबरांच्या खाचा स्प्रॉकेटच्या दात्यांना मिळाल्या, स्पेसर (अंतर राखणारा तुकडा), ब्रेक प्लेट, ग्रीस लावलेला एक्सल. नट हाताने लावला, चाक फिरवलं, छान फिरलं.

पान्याने नट आवळला आणि चाक जड झालं. अर्धा आटा सोडला की मोकळं, आवळलं की परत जड.

पहिला संशय ब्रेकवर गेला, कारण नवीन शू जाड असतात. रॉडचा नट पूर्ण सैल केला, फरक नाही. अंधार पडला, तसंच सोडलं.

१९ जानेवारी

ही नोंद लांब आहे, कारण घरी चाक बसवताना लोक इथेच अडकतात आणि इथेच चुकीचा उपाय करतात. चुकीचा उपाय म्हणजे नट थोडा सैल ठेवणं. चाक फिरतं, गाडी चालते, आणि काही दिवसांनी एक्सल आतल्या कड्यात फिरायला लागतो. हे कधीही करू नका.

एक्सलचा नट नेमकं काय आवळतो ते डोळ्यांपुढे आणलं की दोष कुठे शोधायचा ते कळतं. एका टोकापासून: चिमट्याची पट्टी, स्पेसर, पहिल्या बेअरिंगचं आतलं कडं, मधली नळी, दुसऱ्या बेअरिंगचं आतलं कडं, दुसरा स्पेसर, चिमट्याची दुसरी पट्टी. मध्ये ब्रेक प्लेट आणि स्प्रॉकेटची स्लीव्ह आपापल्या जागी. सगळं लोखंडाला लोखंड टेकून एक सलग खांब होतो. नट या खांबाला दाबतो, गोळ्यांना नाही. खांबात कुठे फट राहिली तर नट ती फट मिटवायला आतल्या कड्यांना एकमेकांकडे ओढतो, बाहेरची कडी हबमध्ये अडकलेली असतात, आणि मधल्या मधे गोळ्या आडव्या दाबल्या जातात.

तपास असा केला. ब्रेक प्लेटमधून शू काढून टाकले आणि रिकामी प्लेट लावून नट आवळला. तरीही जड. म्हणजे ब्रेक निर्दोष. मग चाक बाहेर काढलं आणि चिमटाही यातून वगळला: नुसत्या चाकातून एक्सल घातला, दोन्ही बाजूंना स्पेसर आणि जाड वॉशर, नट आवळला. एक्सल धरून चाक फिरवलं, तसंच जड. आता दोष फक्त दोन बेअरिंग आणि नळी यांच्यातच असू शकतो.

एक्सल काढला, भोकातून बोट घालून मधली नळी हलवून पाहिली. ती खडखड वाजत इकडून तिकडे सरकली. नीट बसलेल्या बेअरिंगांमध्ये नळी जराशी अडत हलते, अशी मोकळी वाजत नाही. व्हर्नियरच्या मागच्या काडीने हबच्या कडेपासून बेअरिंगची खोली मोजली. ब्रेकच्या बाजूला एका ठिकाणी ४ मिमी, बरोबर समोर ३.५. बेअरिंग तिरकं बसलं होतं आणि तळाला टेकलंच नव्हतं.

तापवून ते काढलं. खाली तोच ओरखडा. पंच लागून अॅल्युमिनियमची कड उचलली गेली होती, नखाने चाचपलं तर अडत होती, डोळ्यांना जेमतेम दिसत होती. त्या कडेवर बेअरिंग अडून तिरकं झालं. आतल्या कड्यावर ठोकून काढल्यामुळे ते नवीन बेअरिंगही बाद. या अख्ख्या कामात वाया गेलेली ही एकच वस्तू, आणि सुदैवाने बेअरिंग ही इथल्या स्वस्त गोष्टींपैकी.

उपाय: उचललेली कड धारदार पात्याने खरवडली, मग बारीक पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून फक्त तेवढ्याच जागी फिरवला. अख्खी जागा घासायची नाही, बेअरिंग सैल बसतं. तळाच्या कोपऱ्यातला कचरा रॉकेलच्या ब्रशने काढला.

या वेळी हातोडा वापरलाच नाही. लांब आट्यांचा रॉड, दोन नट आणि बाहेरच्या कड्याएवढं जाड वॉशर यांनी बेअरिंग ओढत आत घेतलं. सरळ जातं, आणि अडलं तर पान्यावर लगेच कळतं. तळाला टेकल्यावर पाना एकदम ताठ होतो. ठोकून बसवणाऱ्यांनी आवाज ऐकावा: बेअरिंग सरकत असताना ठोका बद्द वाजतो, तळाला लागलं की खणखणीत. पहिलं बेअरिंग तळापर्यंत, मग नळी, मग दुसरं बेअरिंग नळीला टेकेपर्यंतच. दुसऱ्याला तळ गाठायला लावायचं नाही, नळी टेकली की थांबायचं.

खोली चार ठिकाणी मोजली, सारखी. नळी हलवली, किंचित अडत सरकली. नुसत्या चाकात एक्सल घालून पूर्ण आवळला, चाक मोकळं फिरलं. मगच नवीन ऑइल सील, ओठाला ग्रीस लावून. चिमट्यात घालण्याआधी ही नुसत्या चाकाची चाचणी करा असं मी कोणालाही सांगेन, पाच मिनिटं लागतात.

२५ जानेवारी

चाक गाडीत बसवलं, आता चेन. दोन्ही अॅडजस्टर सारखे फिरवले, उजवी बाजू मागे गेली, डावी हलेचना. अॅडजस्टरचा बोल्ट वाकायला लागला तेव्हा थांबलो. कारण साधं: डाव्या बाजूला स्प्रॉकेटच्या स्लीव्हचा मोठा नट घट्टच होता. अशा रचनेत चेन ओढताना एक्सलचा नट आणि स्लीव्हचा नट दोन्ही सैल लागतात.

चिमट्यावरच्या खुणांवर माझा विश्वास नाही, त्या दोन्ही बाजूंना सारख्या असतीलच असं नाही. पहिल्या दिवशी लिहून ठेवलं होतं तसं चिमट्याचा बोल्ट ते एक्सल हे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून सारखं केलं. मग मागून चेनच्या रेषेत नजर लावली, चेन स्प्रॉकेटच्या दात्यांच्या मधोमध उतरते का ते पाहिलं. ढील पुस्तिकेप्रमाणे ठेवली, माझ्या गाडीला खालच्या भागाच्या मध्यावर वरखाली मिळून २० ते ३० मिमी. नट आवळताना चेन किंचित ताठ होते, म्हणून आवळल्यावर परत मोजायची. कमी भरली तर परत सोडायची, इलाज नाही.

शेवटचं आवळणं या क्रमाने: टॉर्क आर्म हाताने लावून घ्यायचा, मग ब्रेकचं पेडल जोरात दाबून धरून एक्सलचा नट. पेडल दाबलेलं असलं की शू ड्रममध्ये आपोआप मधोमध येतात. पेडल न दाबता आवळलं तर एकच शू घासतो आणि ब्रेक चिरकतो. पेडल दाबायला दुसरा माणूस नसेल तर पट्ट्याने बांधून ठेवावं. मग स्लीव्हचा नट, मग टॉर्क आर्मचा नट पूर्ण आवळून त्यात नवीन स्प्लिट पिन. ती राहिली आणि नट गळून पडला तर ब्रेक दाबल्या दाबल्या अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड तोडते, चाक जाम होऊ शकतं. सगळ्या कामात जीवावर बेतणारी जागा हीच, आणि विसरायलाही हीच सोपी.

नट किती आवळायचा तो आकडा पुस्तिकेत न्यूटन मीटरमध्ये असतो. टॉर्क पाना महाग पडतो, एका चाकासाठी मी तो मागून आणला. अंदाज म्हणून: ३० सेंमी लांब पान्याच्या टोकावर २० किलोचा जोर म्हणजे ६० न्यूटन मीटरच्या आसपास. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही.

पेडलची मोकळी हालचाल २५ मिमीच्या आसपास ठेवली. ब्रेकच्या दिव्याचा स्विच परत जुळवावा लागला, नाहीतर दिवा सतत लागलेला राहत होता.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हळू. शेवटचा टप्पा ब्रेक न लावता गाडी घरंगळत आणली आणि उतरून लगेच हबला हात लावला. ब्रेक किंवा बेअरिंग घासत असेल तर हब गरम लागतो. थंड होता. गरगर बंद, गियरचा ठक आवाजही बराच कमी झाला. नवीन शू अजून ड्रमला पूर्ण टेकत नसल्याने मागचा ब्रेक थोडा कमजोर आहे, तोवर अंतर राखून चालवतोय.

१ फेब्रुवारी

पुन्हा तपासणी. एक्सलचा नट जागेवर, खूण म्हणून नट आणि चिमट्यावर ओढलेली रंगाची रेघ सरळच आहे. चेनची ढील ३५ मिमीवर गेली होती, कारण नवीन रबरं आणि अॅडजस्टर आपापल्या जागी बसले. परत २५ वर आणली, या वेळी दोन्ही नट आधी सैल करून. पेडल चार-पाच मिमी खाली गेलं होतं, रॉडचा नट दोन आटे आवळला. टायर धरून हलवलं तर आडवी हालचाल नाही. चिमट्याचे बुश मात्र उन्हाळ्याआधी बघायला हवेत, चाक घट्ट झाल्यावर त्यांची थोडी हालचाल आता वेगळी जाणवते.